उपासाला चालणारा चहा

आमच्या घरात चहा आला तो चोरून नव्हे, चांगला वाजतगाजत आला. तांबट आळीच्या तोंडाशी एक दिवस दुपारची एक हातगाडी येऊन उभी राहिली. तिच्यावर मोठा पितळी बंब, मागे ढकलायला दोन गडी आणि पुढे खाकी कोट घातलेला एक टोपीवाला. त्याच्या हातात घंटा होती, पण आमच्या आळीत घंटेला कोण विचारतो? उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत घराघरातून तांब्यावर हातोडे पडत असायचे. घागरी, बंब, हंडे, पातेली. बोलायचं तर ओरडून बोलायचं, अशी आम्हा सगळ्यांनाच सवय. अजून माझ्या सुना म्हणतात, आई, हळू बोला, आम्ही काही नदीपलीकडे नाही. तो माणूस घंटा हलवून हलवून दमला आणि शेवटी आमच्या ओट्याशी येऊन माझ्या वडिलांना खुणेनेच विचारू लागला, की इथे सावली आहे तर गाडी लावू का. तात्या आल्यागेल्याला कधी नाही म्हणत नसत. त्यांनी मान हलवली आणि चहा आमच्या दारात उभा राहिला.

महिनाभर तो रोज यायचा आणि फुकट चहा पाजायचा. कुठल्याशा कंपनीने त्याला गावोगाव हिंडायला नेमलं होतं. आम्ही पोरं त्याला चहाचे मास्तर म्हणायचो, कारण तो शिकवल्यासारखं बोलायचा. भांडं आधी गरम पाण्याने विसळा, माणशी एक चमचा पत्ती घाला, वर उकळतं पाणी ओता, झाकण ठेवून पाच मिनिटं थांबा आणि गाळा. पत्ती उकळायची नाही, उरलेली टाकून द्यायची. हे शेवटचं ऐकून आई दाराआड हसली. एकदा पाणी ओतून टाकून द्यायची म्हणजे काय, ती म्हणाली, ते काय देवावरचं निर्माल्य आहे? तेव्हा आमच्याकडे पहिल्या दिवसापासून चहा उकळला गेला, आणि तोही पत्तीचा जीव जाईपर्यंत. सकाळची पत्ती दुपारी, दुपारची संध्याकाळी, वर चिमूटभर नवी. मास्तरांचा चहा मधाच्या रंगाचा असायचा, आमचा दूध घातल्यावरही काळपट राहायचा आणि जिभेला कस लावून जायचा. त्या कसालाच आम्ही ताकद समजत होतो.

तात्यांना चहा पटला तो वेगळ्याच कारणाने. दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या कारखान्यातल्या चारही कारागिरांचे हात जड व्हायचे. ठोका चुकायचा, घागरीच्या पोटावर नको तिथे खड्डा पडायचा, मग तात्यांची बोलणी. चहा सुरू झाल्यावर ते थांबलं. एकेक फुलपात्र पोटात गेलं की पाच वाजेपर्यंत हातोडे सकाळसारखे पडायचे. तात्या म्हणाले, ही वस्तू खोटी नाही, माणसाला उभं करते. त्यांच्या तोंडून ते निघालं आणि चहा आमच्या घरचा झाला.

पण घरचा झाला तरी स्वयंपाकघरात त्याला जागा नव्हती. परमुलखातला पाला, कुणी खुडला, कुणी वाळवला, कुणाचा हात लागला, काही ठाऊक नाही. तो आईच्या चुलीवर कसा चढणार? पडवीत एक शेगडी ठेवली, तिच्यावर एक वेगळं पातेलं, एक गाळायचं फडकं आणि कोनाड्यात फुलपात्री. ते सगळं माझ्याकडे दिलं, कारण माझी चौथी संपून शाळा सुटली होती आणि मी घरभर नुसती हिंडत असायची. मी तेव्हा तेरा वर्षांची, किडकिडीत, सदा भुकेली. घरातल्या चुलीवर मला अजून कुणी उभं करत नव्हतं, पण पडवीतली शेगडी माझी होती. तिचा मला फार अभिमान होता. कोळसे फुलवायचे, पाणी खळखळलं की पत्ती टाकायची, तो वास नाकात भरून घ्यायचा. माझ्या हातचा चहा सगळ्यांना आवडतो, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगायची.

सगळ्यांत जास्त आवडायचा तो वहिनीला. माझ्या थोरल्या भावाची, दत्तूदादाची बायको. सिन्नरची. एकोणीस-वीस वर्षांची असेल, उंच, रुंद कपाळाची आणि हसायला लागली की तोंडावर पदर घेऊन भिंतीला टेकणारी. मी तिच्याहून एवढी लहान, तरी रीत म्हणून ती मला वन्सं म्हणायची, अहोजाहो करायची आणि त्या अहोजाहोतच माझी थट्टा करायची. "वन्सं, आपली स्वारी जरा केर काढेल का?" तिची आई ती लहान असतानाच गेली होती, म्हणून माहेरी जाणं-येणं फारसं नव्हतं. आमच्या आईवर तिचा जीव होता, आणि आईचाही तिच्यावर होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढचं वाचून कुणाला वाटेल की आमची आई म्हणजे गोष्टीतली खाष्ट सासू. तसं असतं तर मला हे लिहायला पुष्कळ सोपं गेलं असतं.

वहिनीला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा चौथ्या-पाचव्या महिन्यात पोट रिकामं झालं होतं. दुसऱ्या वेळी आईने कपालेश्वराला बोलून ठेवलं, की मूल मांडीवर येईपर्यंत सून दर सोमवारी अन्न घेणार नाही. सोमवारबरोबर दोन्ही एकादश्या आल्या, चतुर्थी आली, प्रदोष आला. महिना मांडला तर दहा-अकरा दिवस उपासाचे निघायचे. आणि तशात तिसऱ्यांदा दिवस राहिले. एरवी पोटुशी बाई उपास सोडते, आणि आईही मनाने तिचे उपास सोडवायलाच निघाली होती. पण बोललेलं देवाला आहे, ते अर्ध्यावर मोडलं आणि पुन्हा काही झालं तर? त्या एका विचारापुढे तिची हिंमत चालेना. वहिनी तर आईहून दुप्पट घाबरलेली. ती म्हणाली, मी करीन उपास, मला काही होत नाही.

आता प्रश्न असा, की उपासाला चहा चालतो का? साबुदाणा, भगर, रताळी यांचं सगळं ठरलेलं होतं, पण देवाला बोलताना आईने तेही सोडलं होतं. दिवसभर काही नाही, तिन्हीसांजेला एकदा जेवण. चहाचं मात्र कुठल्याच कहाणीत नव्हतं. आईने पूजा सांगायला येणाऱ्या गुरुजींना विचारलं. ते स्वतः चहाचे शौकीन होते. त्यांनी सांगितलं, पाला आहे, धान्य नाही, मीठ नाही, दूध आणि साखर तर देवालाही चालते. मास्तरांनीही गाडीपाशी तेच सांगितलं होतं, की चहा म्हणजे खाणं नव्हे. झालं. चहा उपासाला चालतो, असा आमच्या घरात निकाल लागला. तो आजही महाराष्ट्रात घरोघर लागलेला आहे. माझ्या शेजारच्या बाई नऊ दिवस नुसत्या चहावर काढतात आणि वर अभिमानाने सांगतात. मी त्यांना एकदा बोलले, तर म्हणाल्या, आजी, चहाने काय होतंय.

खरंच, काय होतंय? पहिल्यांदा काहीच झालं नाही, उलट बरंच झालं. सोमवारी दुपारी वहिनीला डोळ्यांपुढे अंधारी यायची, ती चहा घेतला की जायची. पोटात कालवायचं, ते थांबायचं. ती पडवीच्या दारात येऊन हळूच फुलपात्र पुढे करायची आणि मी ओतायची. दिवसाला तीन, मग पाच, मग मी मोजायचं सोडलं. ती कामाला विलक्षण चपळ झाली. सगळ्यांच्या आधी उठायची, आई उठेपर्यंत सडासंमार्जन, पाणी भरणं, सगळं उरकलेलं. कारखान्यातून आलेली भांडी चिंच लावून घासायची तर हात असे भराभर चालायचे की बघत राहावं. आई शेजारणींना सांगायची, माझ्या सुनेला झोप म्हणून ठाऊक नाही. शेजारणी आपापल्या सुनांकडे बघायच्या. ठाऊक नाही हे अगदी खरं होतं. वहिनी मला म्हणाली होती की पाठ टेकते, पण डोळा लागत नाही, पहाटेपर्यंत नुसती आढ्याकडे बघत पडते. एकदा भांडी घासताना तिने माझा ओला हात धरून आपल्या छातीवर ठेवला आणि म्हणाली, "बघा वन्सं, आत कुणीतरी तांबट बसलाय." मला तिच्या छातीची धडधड हाताला लागली. एवढ्या घाईने चाललेलं काळीज मी कधी पाहिलं नव्हतं. दोघी खूप हसलो.

आणि आता भाकरीचं सांगते. आमच्याकडे आधी पुरुषांची पंगत, मग आम्ही मुलं, मग आई, आणि सगळ्यांत शेवटी सून. तिच्या ताटात आई दोन भाकऱ्या, भाजी, लोणचं, कधी तुपाची धार असं सगळं वाढून झाकून ठेवायची. आईने तिला कधी कमी वाढलं नाही. पण सुनेचं जेवण बघत बसायची रीत नव्हती. आई बाहेर ओसरीवर कलंडायची आणि वहिनी मागच्या खोलीत एकटी ताटावर बसायची. आणि तिला भूकच नसायची. उपासाच्या दिवशी चहाने भूक मारायची सवय लागली, ती इतर दिवशीही सुटली नाही. पोटात एक फुलपात्र गेलेलं असलं की घास फिरायचा. ताट तसंच परत न्यावं तर सासूबाईंना वाईट वाटेल, अन्न टाकलं असं होईल. मग ती मला हाक मारायची. "वन्सं, एवढी अर्धी घ्या, मला जात नाही." अर्धीची एक झाली, एकीच्या दोन झाल्या. बाजरीची गरम भाकरी, वर लोणी, वांग्याची भाजी. मी का नाही म्हणेन? मी कोपऱ्यात बसून चापून खायची आणि ती भिंतीला टेकून माझ्याकडे समाधानाने बघत चहा प्यायची. तिने मला शपथ घातली होती की कुणाला सांगायचं नाही. शपथ नसती तरी मी सांगितलं नसतं, कारण मग ती भाकरी बंद झाली असती. हे लिहिताना आज या वयातही माझी मान वर होत नाही.

मग हरतालिका आली. वहिनीला पाचवा महिना, म्हणजे दोन्ही वेळा घात झालेला तोच काळ. त्या दिवशी पाणीही घ्यायचं नाही, तिथे चहा कुठला. सकाळी तिने वाळूची पिंडी केली, पत्री वाहिली, आरती म्हटली. दुपार कलायला लागली आणि तिचं डोकं दुखायला लागलं. साधं दुखणं नव्हे. ती दोन्ही हातांनी कपाळ आवळून बसली, उजेड सोसेना, हातोड्यांच्या प्रत्येक ठोक्याला अंग आक्रसायला लागलं, आणि मग उलट्या सुरू झाल्या. पोटात काही नव्हतं, तरी उलट्या. सुंठ उगाळून लावली, दृष्ट काढली. आई घाबरून पिंडीपुढे बसली. पूजेत काय चुकलं, कुठली पत्री राहिली, हिच्या हातून काही शिवाशिव झाली का, एकेक आठवून क्षमा मागत होती. घरातल्या प्रत्येकाला वाटलं की देवी रागावली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा झाली, आणि आईने मला खूण केली. मी चहा टाकला. वहिनीने कसाबसा अर्धा घेतला, आणि पाऊण तासाच्या आत तिचं डोकं उतरलं. डोळे उघडले. ती उठून बसली आणि हसली.

आईने त्या शेगडीला हात जोडले. मी पाहिलेलं आहे. त्या दिवसापासून चहा नुसता चालतो असं राहिलं नाही, तो वहिनीचं औषध झाला. देवीच्या कोपातून सोडवणारं औषध. ते दुखणं चहा मिळाला नाही म्हणून होतं, हे त्या घरात कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. पुढे जरा उशीर झाला की तिचं डोकं ठणकायचं, ती भ्यायची, की पुन्हा कोप झाला, आणि आई मला ओरडायची, यमे, शेगडी का विझू दिलीस? मी ती विझू देत नसे. सकाळपासून पातेलं आपलं कोळशावर उकळत.

आमच्या भागात सुईण म्हणून सकीनाबी यायची. भद्रकालीच्या पलीकडे राहायची, मला आणि दादाला तिनेच या जगात आणलेलं. सातव्या महिन्यात ती वहिनीला बघायला आली. पोटावर हात फिरवला, मग वहिनीची बोटं हातात घेऊन नखं दाबून बघितली, डोळ्याची पापणी खाली ओढली. मग आईला म्हणाली, "बाई, हिच्या अंगात रगत नाय. बघा, नखं कशी पांढरी फटक हाय. पोराला काय देणार ही?" तिने शेगडीकडे बोट दाखवून सांगितलं की ते काळं पाणी आधी बंद करा, पोरीला जेवू घाला आणि दाक्तर आणा. आई म्हणाली, चहा सोडला की हिचं डोकं उठतं, बी, तुला ठाऊक नाही. सकीनाबी म्हणाली, उठू दे. दोन-चार दिवस उठेल, मरत तर नाय. ते तिचं बोलणं आईला लागलं. असल्या वेळी घरात हा शब्द काढायचा नसतो. पण डॉक्टर मात्र आणला.

डॉक्टर दादाच्या ओळखीचे होते, टांग्यातून आले. त्यांनीही पापणी ओढून बघितली, पायांवरची सूज बोटाने दाबली, नाडी हातात धरून घड्याळाकडे बघत राहिले आणि कपाळाला आठी घातली. काय खाते ही, त्यांनी आईला विचारलं. आईने सांगितलं, घरात काय कमी आहे, भाकरी, भाजी, दूध, सगळं असतं. डॉक्टरांना काय वाटलं कोण जाणे, ते माझ्याकडे वळले. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते.

"काय ग, तुझी वहिनी नीट जेवते का?"

मी वहिनीकडे बघितलं. तिने नुसती मान जराशी हलवली. तिला माझ्याकडून काय हवं होतं ते मला कळलं, पण तिच्यासाठी मी ते केलं असं म्हणणं खोटं होईल. खरं बोलले असते तर पहिला प्रश्न आला असता, मग तिचं जेवण जातं कुठे? मी म्हणाले, "दोन भाकऱ्या खाते."

त्यांनी मान हलवली आणि लोखंडाचं औषध लिहून दिलं. मोठी बाटली, अंगावर कातरलेल्या कागदाच्या पट्टीने डोस आखलेले. जेवणावर घ्यायचं, त्यांनी बजावलं. पण जेवण कुठे होतं? रिकाम्या पोटी ते औषध पोटात गेलं की ढवळून यायचं, गंजका खिळा चोखल्यासारखी चव तोंडात राहायची. दोनदा उलटलं. तेव्हा आईलाच सुचलं, की हिला चहा तेवढा पचतो, त्यात घालून दे. मी फुलपात्रात चहा ओतला आणि वर एक डोस सोडला. चहा माझ्या डोळ्यांदेखत काळा झाला. काळपट नव्हे, काळा. शाळेत असताना आम्ही घरी शाई करायचो, हिरडे कुटून भिजवायचे आणि त्या पाण्यात हिराकस टाकायचा. हिराकसात लोखंड असतं, असं गुरुजींनी सांगितलं होतं. तो पडला की पिवळं पाणी असंच काळं व्हायचं. मी वहिनीला म्हणाले सुद्धा, ही तर शाई झाली. ती म्हणाली, द्या, पोटातलं बाळ लिहायला शिकेल. नाक दाबून ती प्यायली. बाटली संपेपर्यंत तिने रोज तीन वेळा ती शाई घेतली.

मागल्या वर्षी माझी नातसून पहिलटकरीण होती, तिच्याबरोबर मी दवाखान्यात गेले होते. बाई डॉक्टर तरुण होत्या. लोहाच्या गोळ्या देताना म्हणाल्या, चहाबरोबर अजिबात घ्यायच्या नाहीत, चहा त्यातलं लोह अंगाला लागू देत नाही, आणि या दिवसांत चहा-कॉफी तसाही कमी करा, बाळाला सोसत नाही. नातसून हं म्हणाली. मी मात्र त्या खुर्चीवरून उठू शकले नाही. सगळ्यांना वाटलं, आजीला चक्कर आली. ते फुलपात्र इतक्या वर्षांनी माझ्यासमोर होतं, आणि मला कळत होतं की जे अंगाला लागायचं ते तिथेच, माझ्या हातातच, शाई होऊन संपत होतं. वहिनी चहाने गेली असं मी म्हणणार नाही. माणूस एका चहाने मरत नाही. ती उपाशी राहून खंगली. पण ती उपाशी आहे हे चहाने आम्हाला दिसू दिलं नाही, आणि तिलाही कळू दिलं नाही. बाटलीतून जे थोडंफार मिळायचं, त्याचीही आम्ही चहात घालून माती केली.

वहिनीला आठवा महिना लागून चार दिवस झाले होते. थंडी पडली होती. सकाळी वहिनी आंघोळीचं पाणी काढायला वाकली आणि तिथेच बसली. सकीनाबी आली तोवर सगळं सुरू झालं होतं. दुपारी मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी, दोनदा कण्हल्यासारखी रडली आणि तासाभरात गेली. वहिनीचं रक्त थांबेना. सकीनाबी आतून दुपटी मागत होती आणि मी देत होते. मग तिने दुपटी मागायचं थांबवलं. मला आत बोलावलं तेव्हा वहिनीचे ओठ भिंतीच्या चुन्यासारखे झाले होते. तिने मुलगी का मुलगा ते विचारलं. आईने सांगितलं, मुलगी, झोपली आहे. वहिनी म्हणाली, तिचे सोमवार मी नाही सोडणार, चांगली मोठी होऊ दे. डॉक्टर येऊन पोहोचले तेव्हा आई तिचे केस विंचरत होती.

तेरावा झाल्यावर मला ते पोटात ठेववेना. मला जेवण जात नव्हतं, भाकरी समोर आली की मी ताट सारायची. एका दुपारी आई सुपात बाजरी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि सांगून टाकलं, की वहिनीची भाकरी मी खात होते, रोज, आणि मी डॉक्टरांशी खोटं बोलले. मला वाटलं होतं की ती मला मारेल. मला ते हवं होतं.

आईचा हात सुपात थांबला. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

मला कळेना ती काय बोलते आहे.

"भाकऱ्या मी थापत होते, यमू. कुणाच्या पोटात जातात ते मला दिसत नव्हतं होय?"

मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस?

आज बोलू, उद्या बोलू असं म्हणत होते, ती म्हणाली. ती चहावर उभी होती, कामात होती, हसत होती, मला वाटलं तिचं भागतंय. मग माझ्याकडे न बघता, खालच्या आवाजात ती म्हणाली, "आणि तुझं अंग भरत होतं. दोन ठिकाणांहून तुला नकार आला होता. मुलगी नुसतं हाडकं आहे म्हणाले. तुला सांगितलं नव्हतं." त्यानंतर तिने सूप बाजूला ठेवलं, पदर तोंडात कोंबला आणि रडली. वहिनी गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी तिला हात लावला नाही. दत्तूला यातलं काही कळता कामा नये, एवढंच तिने जाता जाता सांगितलं, आणि दादा गेला तोवर त्याला ते कळलं नाही.

काही महिन्यांनी ओझरहून मला बघायला पाहुणे आले. मी चहाची फुलपात्री घेऊन बाहेर गेले, एकेकाच्या पुढे ठेवली आणि सतरंजीच्या कडेला बसले. माझे दंड गोल झाले होते, गालांवर तजेला होता. मुलाच्या आत्याने माझा हात हातात घेतला, मनगट दाबून बघितलं, आणि घरात नीट खाऊपिऊ घातलेली दिसते हो पोर, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. तात्या खूश झाले. आईने दारातूनच मला खूण केली, आणि मी उठून सगळ्यांना वाकून नमस्कार केला.